बायोप्सीतल्या गॉब्लेट पेशी आणि पोईचा कोंडा

(सोसायटीतल्या गप्पा, नावांऐवजी फ्लॅट नंबर)

बी-३०२: डॉक्टर, मोठ्या आतड्याच्या बायोप्सी रिपोर्टात ‘गॉब्लेट सेल डिप्लीशन’ लिहितात, म्हणजे कमी काय झालेलं असतं?

ए-१०१: वहिनी, आतड्यातला बुळबुळीत थर बनवणाऱ्या पेशी. स्लाइडवर पेल्यासारख्या दिसतात, वर फुगीर, खाली देठ. पेशीच्या पोटात म्यूक-२ नावाचं प्रथिन कॅल्शियमने आवळून ठासलेलं असतं. बाहेर पडलं की बायकार्बोनेट कॅल्शियम काढून घेतं आणि ते सब्जासारखं फुगतं, शंभरपटीहूनही जास्त. त्याचे थर दोन. आतल्या घट्ट थरात जंतू सहसा शिरत नाहीत, बाहेरच्या सैल थरात मजेत राहतात. म्यूक-२चं जनुक काढलेल्या उंदरांना आपोआप कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याची सूज, होतो. पण एवढ्या एका ओळीवर अल्सरेटिव्ह कोलायटिस (व्रणांसह दीर्घकाळ राहणारी सूज) ठरवू नका, साध्या इन्फेक्शनमध्येही या पेशी कमी दिसतात.

बी-३०२: नव्या तयार होत नाहीत?

ए-१०१: होतात की. अस्तर चार-पाच दिवसांत बदलतं. अस्तरातल्या बारीक खळग्यांच्या तळाशी मूळपेशी असतात. त्यांच्या लेकींनी शोषायचं की स्रवायचं, हे नॉच नावाचा संदेश ठरवतो. स्रवणारी व्हायला निघालेली पेशी शेजारणींना तो पाठवून त्यांची तीच वाट बंद करते. आपल्या पार्किंगसारखंच 😄 संदेश न मिळालेल्या पेशीत अ‍ॅटोह-१ हे जनुक जागं राहतं आणि ती स्रवणारी होते. २००५ साली उंदरांमध्ये नॉच औषधाने रोखला, तर खळग्यांतल्या वाढत्या पेशी गॉब्लेटच झाल्या. मग पाणी शोषणार कोण?

सी-२०४: थर वरून खाल्लाही जातो. अन्नातले तंतू मिळाले नाहीत की जंतू म्यूक-२मधली साखर कुरतडतात. पोई (गोव्याचा पाव) घ्या, पण कोंडा दिसणारी, नुसत्या मैद्याची नको. अळसांदे (चवळी), नाचणी चांगली. उकड्या तांदळाची पेज गार केली की थोडा स्टार्च न पचणारा होतो. जंतू त्यापासून ब्यूटिरेट नावाचं मेदाम्ल बनवतात, तेच अस्तराचं इंधन.

बी-३०२: मग रोज पोईच!

ए-१०१: थांबा. शौचातून रक्त पडत असताना किंवा आतडं अरुंद झालं असेल तर कोंडा, बिया, सालं नकोत, अडकतात. मेसालाझिन (आतड्याची सूज कमी करणारं औषध) मनाने बंद करायचं नाही. अंगदुखीला आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक टाळा, दुखणं उसळू शकतं. शौचातलं कॅलप्रोटेक्टिन (आतड्याची सूज दाखवणारं प्रथिन) ५० मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅमच्या खाली असेल तर बहुधा सूज नाही, २५०च्या वर गेलं तर तपासायलाच हवं.

सी-२०४: आणि पेज रात्रभर ओट्यावर नको हं, या दमट हवेत भातातले जंतू झपाट्याने वाढतात. कोमट झाली की लगेच फ्रिजमध्ये.