मोटार चालू केली की व्होल्टेज पडतंय, मधल्यामधी जातंय कुठं?

प्रश्न (औसा, जि. लातूर)
घरापासनं शेतातल्या हौदापर्यंत 150 मीटर वायर ओढलीय, तांब्याची, दीड एमएमची. तिथं बल्ब झकास लागतोय, मीटर लावलं तर 228 व्होल्ट, घरी बी 228. पण एक एचपीची सिंगल फेज मोटार चालू केली की नुस्ती घुं घुं करायलीय, उचलंना, बल्ब लाल पडतोय अन् मोटारीपाशी मीटर 150 दाखवतंय. घरी तेव्हाबी 226. पोरगी नववीला आहे, ती म्हणते अशा एका वायरीत करंट सगळीकडं सारखाच असतो. मग हे पाऊणशे व्होल्ट गेले कुठं?

उत्तर
कपॅसिटर (मोटारीला उचलायला जोर देणारा डबा) बदला दादा, माझी बी अशीच करायली होती.

उत्तर (विज्ञान शिक्षिका, परभणी)
दादा, लेकीचं अगदी बरोबर आहे. करंट सारखाच राहतो, वाटलं जातं ते व्होल्टेज. तुमच्याकडं ठिबक असेल तर असं बघा, शेवटचा कॉक बंद ठेवला तर पाइपच्या दोन्ही टोकाला प्रेशर सारखंच दिसतं, पाइप कितीबी बारीक असू द्या, कारण पाणी वाहतच नाही. कॉक उघडला की बारीक पाइपातच प्रेशर खर्ची पडतं. प्रेशर म्हणजे व्होल्टेज, वाहतं पाणी म्हणजे करंट, पाइपचा बारीकपणा म्हणजे रोध. एकटा बल्ब अर्ध्या अँपियरच्या आतच घेतो अन् मीटर तर जवळजवळ काहीच घेत नाही, म्हणून मोटार बंद असताना वायर निर्दोष वाटते.
आता हिशोब. दीड एमएम तांब्याला किलोमीटरला साधारण 12 ओहम. जायची-यायची मिळून 300 मीटर, म्हणजे 3.6 ओहम. तुमचे 76 व्होल्ट भागिले 3.6, करंट आला 21 अँपियर. घरचा करंट एसी, म्हणजे दिशा बदलणारा, म्हणून थोडा फरक पडतो पण अंदाजाला बास. एक एचपी चालू झाल्यावर 7 च्या आसपासच घेते, पण उचलताना कितीतरी जास्त ओढते, अन् मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गानं घटतो, 228 चे 150 झाले की निम्म्याहून कमी जोर उरला. उचलणार कशी? तेवढा वेळ वायर दीड किलोवॅट उष्णता स्वतःच खातेय, घुमत असली की लगेच बंद करत जा, जळेल.

उत्तर (वायरमन, गेवराई)
मॅडमनी बरोबर सांगितलं. कपॅसिटर गेला तरी मोटार अडकून असाच करंट ओढती, तो तपासाच, पण आधी वायर. 4 एमएम टाका, रोध दीड ओहमच्या आत येतो, सुरू होताना 190 तरी मिळंल, चालल्यावर 10 व्होल्टच पडतील. अन् मधी जोड आहे का? मेन स्विच पाडून, टेस्टर लावून, मगच टेप सोडा.

प्रश्नकर्ता
जोड होता, बांधावरच्या बाभळीपाशी. टेप पघळून चिकट झाली होती अन् आतली तार काळीनिळी. काळं कापून नीट पिळून बांधला, कपॅसिटर बी नवा टाकला. आता 150 चे 157 झालेत, पण अजून उचलंना. उद्या लातूरहून 4 ची वायर आणतो, लेकीला संगं नेतो, तिलाच मीटर धरायचंय म्हणे.