अनुभव धागा : प्रवासात कोणते कपडे कामाला आले आणि कोणते नुसते वाहिले?

माहुलीची लेक (सातारा)
काल माळा आवरताना जुनी सुती ओढणी हाती लागली आणि इजिप्तचा प्रवास आठवला. मार्चमध्ये आस्वानला दुपारी अंगावरचे कापड नकोसे होत होते, आणि त्याच आठवड्यात २,२८५ मीटर उंचीचा सिनाई पर्वत रात्री चढून सूर्योदयाची वाट पाहताना माझी दातखीळ बसायची वेळ आली. वर बेदुइन (वाळवंटातले भटके अरब) लोक भाड्याने ब्लँकेट देतात. ते पांघरून, ही ओढणी कानांभोवती गुंडाळून मी बसले. कैरोच्या अल-अझहर मशिदीत तीच डोक्यावर घेतली आणि पायथ्याच्या सेंट कॅथरिन मठात तिनेच खांदे झाकले. हौसेने नेलेल्या दोन जीन्स मात्र धुतल्यावर वाळेचनात. आपलेही अनुभव लिहावेत.

मिरज जंक्शन
आमचे घोडे देशातच अडले. तिरुवनंतपुरमच्या पद्मनाभस्वामी मंदिरात पुरुषांना मुंडू (लुंगीसारखे वस्त्र) नेसून आणि उघड्या अंगानेच आत जावे लागते, हे मला दाराशी कळले. सौभाग्यवती साडीत असल्याने थेट पुढे गेल्या. सोवळ्याची सवय असल्याने उघड्या अंगाचे मला काही वाटले नाही, परंतु कासोट्याविना नेसायचा तो मुंडू सुटेल या धास्तीने अर्धे दर्शन मी कमरेवर हात ठेवूनच घेतले. शेजारचे गृहस्थ मला विठोबाचा भक्त समजले असावेत.

हळदबाजार (सांगली)
काका, वरून पट्टा बांधायचा होता!

कासची वाट
लेहला साडेतीन हजार मीटरवर उन्हात चेहरा भाजतो आणि सावलीत गेले की कुडकुडायला होते, म्हणून एक जाड जॅकेट नेण्यापेक्षा पातळ कपड्यांचे थर बरे. सुती बनियन घामाने भिजले की लवकर वाळत नाही आणि अंग गार पडते. लोकर दमट झाली तरी ऊब धरते. वडिलांनी बळेच दिलेल्या घोंगडीला मी नाके मुरडली होती, पण तिसऱ्या रात्री तंबूत तिच्यावरून आम्हा मित्रांत भांडण झाले.

वाईची सून
ताई, सासूबाईंना घेऊन जॉर्डनला निघालो आहोत आणि त्या नऊवारीखेरीज काहीही नेसत नाहीत. तिथे चालेल का?

माहुलीची लेक (सातारा)
अवश्य चालेल. तिथल्या पेट्रा या प्राचीन नगरीत डोंगरावरच्या अद-दैर या वास्तूपर्यंत सुमारे आठशे पायऱ्या आहेत, आणि चढायला नऊवारीसारखे सोयीचे वस्त्र नाही. फक्त पोलके लांब बाह्यांचे आणि पाठ-पोट झाकणारे शिवून घ्यावे, पोटऱ्या उघड्या पडू नयेत म्हणून आत लेगिंग घालायला सांगावे, आणि मशिदीत पदर डोक्यावरून घ्यावा. लेगिंगला त्या तयार होतील का, ते मात्र तुम्हीच विचारा.