प्री-रेकॉर्ड आणि माळावरची हवा

वन्यजीव चित्रीकरणासाठी कुठला सिनेमा कॅमेरा घ्यावा ही चर्चा ६के की ८के, म्हणजे चित्र किती बारकाईचं हवं, यावरच अडकली आहे, म्हणून प्री-रेकॉर्ड या सोयीबद्दल लिहितो. वन्यजीवांसाठी सिनेमा कॅमेरा घ्यायचं माझ्या मते हेच मोठं कारण. कॅमेरा शेवटचे काही सेकंद सतत मेमरीत धरून ठेवतो. बटण उशिरा दाबलं तरी आधीचं हातात येतं. भिगवणला उजनीच्या काठावर तासभर ऑस्प्रे या मासे पकडणाऱ्या शिकारी पक्ष्यावर डोळा लावून बसलो होतो. त्याने सूर मारला, पाणी उडालं, तेव्हा कुठे माझं बोट हललं. तरी पंजे पुढे काढल्यापासूनचं सगळं मिळालं!

असा कॅमेरा आणि लेन्स वाहून न्यायला जड पडतात, हा मुद्दा मान्य. कॅननची ५०-१००० मिमी सिने झूम लेन्स एकटीच साडेसहा किलोच्या आसपास भरते. आतला १.५ पट एक्स्टेंडर (लेन्सचा पल्ला वाढवणारं भिंग) लावला की १५०० मिमी. ट्रायपॉडचं हेड दणकट हवंच, नाहीतर वाऱ्याने चौकट थरथरते.

पुण्याहून सुप्याला चिंकारा टिपायला जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. उन्हाळ्यात ऊन चढलं की माळावरची हवा लहरू लागते आणि लांबचा चिंकारा पाण्याखाली असल्यासारखा दिसतो. तिथे कुठलीच लेन्स कामाला येत नाही. पहाटे पोचा, ऊन तापायच्या आत आवरा.