जेनेसिस नेमका कधी बदलला: 1975 मध्ये की 1977 मध्ये?

धागाकर्ता: बारातारी

जेनेसिस या इंग्लिश बँडविषयी बोलणे सुरू झाले की ते हमखास एकाच रेषेपाशी येऊन थांबते. रेषेच्या अलीकडे पीटर गेब्रिएल गायक असतानाचा काळ आणि पलीकडे ड्रमवादक फिल कॉलिन्स गायक झाल्यानंतरचा काळ. ऑगस्ट 1975 मध्ये गेब्रिएल बाहेर पडल्याचे जाहीर झाले आणि तेव्हाच खरा जेनेसिस संपला, असे मानणारे रसिक पुष्कळ आहेत. मला ही रेषा चुकीच्या जागी ओढलेली वाटते. या बँडच्या संगीताचा पोत बदलला तो 1977 मध्ये, गिटारवादक स्टीव्ह हॅकेट बाहेर पडला तेव्हा.

मुळात हा बँड गायकाभोवती उभा राहिलेला नाही. 1967 मध्ये सरे परगण्यातील चार्टरहाऊस शाळेत ज्या मुलांनी तो सुरू केला, ती स्वतःला आधी गाणी रचणारी मंडळी समजत होती आणि आपल्या रचना दुसऱ्या कोणीतरी गाव्यात, एवढीच त्यांची सुरुवातीची अपेक्षा होती. त्यांत की-बोर्डवर टोनी बँक्स होता, बेसवर माइक रदरफर्ड होता आणि गिटारवर अँथनी फिलिप्स होता. रदरफर्ड आणि फिलिप्स या दोघांनी बारा तारांच्या गिटारी एकमेकींत गुंफून जो नाद निर्माण केला, तोच या बँडची पहिली ओळख ठरला. प्रकृती आणि रंगमंचाची भीती यांमुळे 1970 मध्ये फिलिप्स निघून गेला, तेव्हा बँड मोडायच्या बेतात आला होता. गिटारवादकाच्या जाण्याने या मंडळींना केवढा धक्का बसत असे, हे त्यावरून कळावे.

जानेवारी 1971 मध्ये आलेल्या हॅकेटने तो वारसा पुढे नेला आणि त्यात स्वतःची भर घातली. 'फर्थ ऑफ फिफ्थ' (1973) या गाण्यातील मधली धून बँक्सची आहे. ती आधी बासरीवर येते आणि नंतर गिटारवर. मात्र गिटारवर येताना हॅकेट एकेक स्वर इतका लांबवतो आणि त्याला इतक्या सावकाश वळवतो की धून रचणारा बँक्स असला, तरी ऐकणाऱ्याच्या मनात ती हॅकेटची म्हणूनच राहते. नायलॉनच्या तारांवरचे त्याचे वादनही असेच आहे. 'ब्लड ऑन द रूफटॉप्स'ची सुरुवात ऐकावी. इंग्लंडमधील पावसाळी रविवारची मरगळ तिथे शब्द येण्याआधीच तयार झालेली असते.

आता गेब्रिएलनंतरचा पहिला अल्बम पाहा. 'अ ट्रिक ऑफ द टेल' फेब्रुवारी 1976 मध्ये आला आणि ब्रिटनच्या खपाच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. गेब्रिएल असताना 'सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड'लाही तेच स्थान मिळाले होते. 'एन्टॅन्गल्ड' किंवा 'लॉस एन्डॉस' ऐकताना गायक बदलल्याचे जाणवते, पण बँड बदलल्याचे जाणवत नाही. याउलट 1978 च्या अल्बममध्ये अकरा गाणी आहेत आणि त्यांतील सर्वांत मोठे सुमारे सात मिनिटांचे आहे. सगळी गिटार रदरफर्डवर येऊन पडली आहे आणि उरलेली जागा बँक्सच्या की-बोर्डने भरून काढली आहे. त्याच अल्बममधील 'फॉलो यू फॉलो मी' ब्रिटनमध्ये सातव्या क्रमांकावर पोहोचले आणि पहिल्या दहांत येणारे त्यांचे ते पहिले गाणे ठरले. मला त्या यशाबद्दल आकस नाही. पण तो दुसरा बँड होता.

प्रतिसाद: सांजपक्षी

धागाकर्त्यांनी गिटारविषयी लिहिलेले मला मनापासून आवडले, तरीही निष्कर्ष पटत नाही. या बँडमध्ये गेब्रिएल केवळ गायक होता, असे गृहीत धरून हा सगळा युक्तिवाद उभा आहे. 'सपर्स रेडी' (1972) ही सुमारे तेवीस मिनिटांची रचना आठवावी. तिच्यातील नऊ मात्रांचा भाग बँक्स, रदरफर्ड आणि कॉलिन्स या तिघांनी मिळून रचला. रदरफर्ड आणि कॉलिन्स नऊचे आवर्तन धरून ठेवतात आणि बँक्सचा ऑर्गन त्याच्यावरून आडवातिडवा धावतो. बँक्सच्या मनात तो भाग निव्वळ वाद्यांचा होता. गेब्रिएलने त्यावर आपले शब्द चढवले, आणि वाद्यांचे कौशल्य दाखवणारा तो तुकडा जगबुडीच्या दृश्यात पालटला. हे काम गायकाचे नव्हे, नाटककाराचे आहे.

1972 मध्ये डब्लिनच्या प्रयोगात तो लाल झगा घालून आणि कोल्ह्याचे मुंडके चढवून रंगमंचावर आला, तोही सहकाऱ्यांना आधी न सांगता. पुष्कळांना तो वेष म्हणजे प्रसिद्धीची युक्ती वाटते. माझ्या मते गाण्यातील पात्र शरीराने उभे करण्याची ती गरज होती आणि तिचीच पुढची पायरी म्हणजे 1974 चा 'द लॅम्ब लाइज डाउन ऑन ब्रॉडवे'. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरील राएल या तरुणाची ती कथा. तिचे जवळजवळ सगळे शब्द गेब्रिएलचे आहेत आणि संगीताचा मोठा भाग इतरांनी रचला आहे. ती ओढाताण त्या दोन तबकड्यांत ऐकू येते, आणि मला तिचेच मोल अधिक वाटते. गेब्रिएल गेल्यावर ती ओढाताणही गेली. 'अ ट्रिक ऑफ द टेल' सुंदर आहे, नीटस आहे, पण त्यात धोका पत्करलेला मला कुठेही दिसत नाही.

आणखी एक बाब. गेब्रिएल असताना बँडच्या मूळ रचनांचे श्रेय एकत्रित दिले जात असे. 'अ ट्रिक ऑफ द टेल'पासून प्रत्येक गाण्याखाली वेगवेगळी नावे येऊ लागली. सामूहिक लेखनाची ती पद्धत 1976 मध्येच सुटली होती आणि तेव्हा हॅकेट बँडमध्येच होता.

प्रतिसाद: तेरामात्रा

दोन्ही मते वाचली. दोन्ही बाजूंनी कोणा एकाच्या जाण्यावर एवढा भर दिला आहे की जे राहिले त्यांच्याकडे दुर्लक्ष झाले. बँक्स आणि रदरफर्ड हे दोघे आरंभापासून अखेरपर्यंत होते आणि या बँडचे स्वरसंयोजन प्रामुख्याने त्यांचे, त्यातही बँक्सचे आहे. 'टर्न इट ऑन अगेन' (1980) हे नभोवाणीवर सतत वाजणारे गाणे मोजून पाहावे. त्याचे मुख्य आवर्तन तेरा मात्रांचे आहे आणि लोक ते सहज गुणगुणतात. 'होम बाय द सी'चे दोन भाग एकत्र धरले तर ते अकरा मिनिटांच्या आसपास जातात. 'डॉमिनो' 1986 मधले आहे, म्हणजे त्यांच्या सर्वाधिक लोकप्रिय अल्बममधले. सांजपक्षी ज्या एकत्रित श्रेयाविषयी लिहितात, तेही 1983 च्या अल्बमपासून परत आले, कारण तिघे मोकळेपणाने एकत्र वाजवत बसत आणि त्यातून गाणी काढत.

रेषा ओढायचीच असेल, तर ती 1981 मध्ये ओढावी, आणि तिचे कारण ध्वनिमुद्रणात आहे. गेब्रिएलच्या 1980 च्या एकल अल्बमसाठी कॉलिन्सने ड्रम वाजवले आणि ध्वनिमुद्रक ह्यू पॅजम याने त्या ड्रमचा घुमारा एकदम तोडून टाकण्याची रीत तिथे वापरली. तोच पॅजम पुढच्या वर्षी 'अबाकॅब'साठी जेनेसिसकडे आला. जागा मोकळी झाली, ड्रम पुढे आले आणि की-बोर्डचे थर विरळ झाले. 1978 आणि 1980 चे अल्बम मला त्याआधीच्या जेनेसिसशी जोडलेले वाटतात. गेब्रिएल आणि कॉलिन्स यांना परस्परांचे विरोधक ठरवणाऱ्यांनी हा धागा जरूर तपासावा.

शिवाय हॅकेट असतानाच, 'विंड अँड वदरिंग'मध्ये, रदरफर्डचे 'युअर ओन स्पेशल वे' हे सरळसाधे प्रेमगीत आलेले आहे. सोपेपणा हॅकेट गेल्यामुळे शिरला, असे म्हणता येणार नाही.

धागाकर्ता: बारातारी

तेरामात्रा, त्या अल्बममधील नऊ रचनांपैकी ती एक आहे. उरलेल्यांत बँक्सची 'वन फॉर द वाइन' आहे आणि शेवटाकडे वाद्यांची ती अखंड जोडरचना आहे, जिच्या निर्मितीत हॅकेटचा वाटा होता. सोपे गाणे आले याला माझी हरकत नाही. त्याच्या शेजारी दुसरे काय ठेवायचे, हे ठरवणारा एक माणूस कमी झाला, हा माझा मुद्दा आहे. हॅकेट का गेला, तेही पाहावे लागेल. आपल्या रचनांना पुरेशी जागा मिळत नाही, ही त्याची तक्रार होती. 'प्लीज डोन्ट टच' ही त्याची रचना बँडने बाजूला ठेवली आणि पुढे तिनेच त्याच्या 1978 च्या एकल अल्बमला नाव दिले. पॅजमच्या ड्रमविषयी आपण लिहिले ते योग्यच आहे, परंतु जागा मोकळी करण्याची गरज पडली ती आधीच्या दोन अल्बमांत की-बोर्डने सगळी जागा व्यापल्यामुळे, आणि ती व्यापावी लागली गिटार गेल्यामुळे.

प्रतिसाद: सांजपक्षी

यावर एक प्रत्यक्ष घडलेला दाखला देतो. गेब्रिएलने सुरू केलेल्या वोमॅड या संगीत महोत्सवावर कर्ज झाले, तेव्हा ते फेडण्यासाठी ऑक्टोबर 1982 मध्ये मिल्टन कीन्स येथे गेब्रिएल आणि जेनेसिस एका रात्रीपुरते एकत्र आले. 'सपर्स रेडी', 'द म्युझिकल बॉक्स' आणि 'फर्थ ऑफ फिफ्थ' ही तिन्ही गाणी त्या रात्री झाली आणि त्यांत गिटार बँडला मैफलींत साथ करणाऱ्या डॅरिल स्टर्मरने वाजवली. हॅकेट शेवटच्या दोन गाण्यांपुरता आला. भर पावसात उभ्या असलेल्या श्रोत्यांना तो जुना जेनेसिस वाटला, तो गेब्रिएलमुळे.

धागाकर्ता: बारातारी

स्टर्मर उत्तम वादक आहे, पण त्या रात्री त्याने वाजवले ते हॅकेटने आधी घडवून ठेवलेले स्वर होते. बँड म्हणून नवे काही रचायचे असते, तेव्हा कोण खोलीत बसलेला आहे याला महत्त्व येते, आणि 1977 नंतर त्या खोलीत हॅकेट नव्हता. आपला दाखला जुनी गाणी पुन्हा गाता येतात एवढेच दाखवतो. 'ब्लड ऑन द रूफटॉप्स'सारखे एखादे गाणे 1978 नंतरच्या जेनेसिसमध्ये आपल्याला आढळले असेल, तर त्याचे नाव येथे अवश्य द्यावे. मी ते या दृष्टीने पुन्हा ऐकेन.