दहावीच्या तोंडावर शाळा सोडून रेसिंग: किमी अँटोनेलीचे उदाहरण कितपत लागू पडते?

शाहूपुरीकर (प्रश्न)

माझा मुलगा नववीत आहे. दोन वर्षांपूर्वी तो मामाबरोबर कोल्हापूरजवळच्या मोहिते रेसिंग अकॅडमीच्या ट्रॅकवर पहिल्यांदा कार्टमध्ये (शर्यतीच्या छोट्या उघड्या गाडीत) बसला आणि तेव्हापासून आमच्या घरी रविवारचा दुसरा कोणताही बेत ठरलेला नाही. आता त्याचे म्हणणे असे की दहावीला नियमित शाळेत जाणे सोडावे आणि पूर्ण वेळ रेसिंग करावे, कारण मर्सिडीज संघाचा इटालियन चालक किमी अँटोनेली अठराव्या वर्षी फॉर्म्युला वनमध्ये पोहोचला तो काही वर्गात बसून पोहोचला नसणार. माझा उद्यमनगरात लेथकामाचा छोटा कारखाना आहे. इंजिन मला कळते, परंतु हा खेळ मला कळत नाही. हा मुलगा नेमका कसा वर आला, त्याच्या शिक्षणाचे काय झाले आणि कोल्हापुरातल्या मुलासाठी कार्टिंगनंतरची पायरी कोणती, हे जाणकारांनी सांगावे.

कळंबा रोड

आपल्या चिरंजीवांचा मूळ समजच चुकीचा आहे. अँटोनेलीने शाळा सोडली नाही. २०२५ च्या जूनमध्ये कॅनडाच्या शर्यतीत तिसरा येऊन तो पहिल्यांदा पोडियमवर (पहिल्या तिघांच्या चौथऱ्यावर) उभा राहिला आणि लगेच त्याच महिन्यात इटलीत आपल्या बारावीसारखी असणारी शालान्त परीक्षा त्याच्यापुढे होती; ती त्याने दिली आणि तो उत्तीर्णही झाला. त्याआधी मे महिन्यात इमोलाच्या शर्यतीला त्याने आपल्या वर्गमित्रांना पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकमागच्या संघांच्या आवारात, बोलावले होते. ती शर्यत मात्र त्याला पूर्ण करता आली नाही.

आता चढणीविषयी. त्याचा जन्म ऑगस्ट २००६ मध्ये बोलोन्याला झाला. वडील मार्को स्वतः शर्यती खेळलेले आणि रेसिंग संघाचे मालक, त्यामुळे टायर बदलण्याचा आवाज या मुलाने पाढ्यांच्या आधी ऐकला असेल असे म्हणायला हरकत नाही. २०१९ मध्ये, म्हणजे बाराव्या वर्षी, मर्सिडीजने त्याला आपल्या ज्युनियर कार्यक्रमात घेतले. फॉर्म्युला वनच्या खाली फोर, रीजनल, थ्री आणि टू अशा चढत्या पायऱ्या असतात. त्याची पुढची वाट अशी: कार्टिंगमधील युरोपीय विजेतेपदे, २०२२ मध्ये इटली आणि जर्मनी या दोन्हीकडच्या फॉर्म्युला फोरची विजेतेपदे, २०२३ मध्ये फॉर्म्युला रीजनलचे युरोपीय विजेतेपद, आणि मग फॉर्म्युला थ्री ही पायरी गाळून २०२४ मध्ये थेट फॉर्म्युला टू. तिथे तो एकंदरीत सहावा आला, तरी सिल्व्हरस्टोन आणि हंगेरी येथे एकेक शर्यत जिंकला.

सगळे सुरळीत झाले असेही नाही. ३० ऑगस्ट २०२४ रोजी मॉन्झा येथे, घरच्या प्रेक्षकांसमोर, फॉर्म्युला वनच्या पहिल्याच अधिकृत सराव सत्रात त्याने दहा मिनिटांच्या आत गाडी भिंतीवर घातली. तरीही दुसऱ्या दिवशी मर्सिडीजने आपला विश्वविजेता चालक लुईस हॅमिल्टन याच्या जागी २०२५ साठी त्याचेच नाव जाहीर केले. एका धडकेने ज्याचे नाव पुसले जात नाही, त्याच्यामागे पाच वर्षांची नोंद ठेवणारी कंपनी उभी असते. आपल्याकडच्या मुलाला अशीच धडक बसली तर पुढची शर्यत सुटे भाग परवडतात की नाही यावर ठरते. अँटोनेलीचे उदाहरण देताना मुलाने हा भागही पाहावा असे मला वाटते.

एक गंमत म्हणून सांगतो, फॉर्म्युला वनची जागा मिळाली तेव्हा त्याच्याकडे साध्या रस्त्यावर मोटार चालवण्याचा परवाना नव्हता. पुढे विश्वविजेता झालेल्या मॅक्स व्हर्स्टॅपेनचेही २०१५ मध्ये तसेच होते: तो सतराव्या वर्षी फॉर्म्युला वनमध्ये आला आणि रस्त्यावरचा परवाना त्याला अठराव्या वाढदिवशी मिळाला.

माजी मुख्याध्यापक

शिक्षणाच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो. राज्य मंडळाची दहावी खासगीरीत्या, सतरा नंबरचा अर्ज भरून देता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचाही मार्ग आहे. म्हणजे शाळा सोडणे आणि परीक्षा सोडणे या वेगळ्या गोष्टी आहेत. तथापि माझ्या अनुभवात सतरा नंबरचा अर्ज भरून स्वतःहून नियमित अभ्यास करणारी मुले फार थोडी असतात, आणि रविवारच्या सरावासाठी सोमवार ते शुक्रवारची शाळा सोडण्याची गरज मला अजून तरी दिसत नाही. शर्यतींसाठी चेन्नई-कोइम्बतूरला जावे लागेल तेव्हाच्या गैरहजेरीबद्दल शाळेशी आधी लेखी बोलून ठेवावे.

खर्चाबद्दल एक जुनी आठवण सांगावीशी वाटते. १९५२ साली खाशाबा जाधव हेलसिंकीला गेले तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून पैसे उभे केले होते, हे कोल्हापुरात सर्वांना ठाऊक आहे. पण तो एका प्रवासाचा खर्च होता. रेसिंगमध्ये तसे घर दर हंगामाला गहाण ठेवावे लागेल.

रविवारचा कार्टवाला

वरील दोन्ही प्रतिसादांचा आदर ठेवून थोडा वेगळा विचार मांडतो. या खेळात वय फार निर्दयपणे मोजले जाते. युरोपातली मुले सातव्या-आठव्या वर्षी कार्टमध्ये बसतात, त्यामुळे चौदाव्या वर्षी ‘आधी दहावी, मग बारावी, मग पाहू’ असे म्हणणे म्हणजे नकारच देणे होय. नकार द्यायचाच असेल तर तो स्पष्ट द्यावा.

होकार असेल तर पुढच्या पायऱ्या अशा आहेत. क्लबच्या भाड्याच्या कार्टवरची वेळ ही फक्त हौस आहे. एफएमएससीआयचा (देशातल्या मोटर स्पोर्ट्सच्या नियामक संस्थेचा) परवाना काढून राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेत उतरल्यावरच मुलगा कुठे उभा आहे ते कळते, आणि या स्पर्धेच्या फेऱ्या आपल्या कोल्हापुरातही झालेल्या आहेत, ही आपली मोठी सोय आहे. रोटॅक्स मॅक्स या कार्टिंग स्पर्धेत वयानुसार गट असतात आणि कार्ट व चालक यांचे मिळून किमान वजन तपासले जाते. त्यानंतर फॉर्म्युला एलजीबी ही देशातली एकआसनी गाड्यांची स्पर्धा; त्या गाडीत मारुती स्विफ्टचे १३०० सीसीचे इंजिन असते, म्हणजे आपल्याला ते अनोळखी नाही. त्यापुढे भारतीय फॉर्म्युला फोर. खरी खिंड त्याच्या पलीकडे आहे. फॉर्म्युला वनच्या सुपर लायसन्ससाठी, म्हणजे तिथे उतरण्याच्या परवान्यासाठी, खालच्या स्पर्धांतून ४० गुण लागतात आणि ते मिळवण्याचा मुख्य रस्ता युरोपातून जातो. कोल्हापूरचेच कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत गेले होते. मुंबईचा जेहान दारूवाला आणि बेंगळुरूचा कुश मैनी यांनी फॉर्म्युला टूमध्ये शर्यती जिंकल्या, तरी आजवर फॉर्म्युला वनच्या शर्यतीत उतरलेले भारतीय दोनच आहेत: नारायण कार्तिकेयन आणि करुण चंढोक.

म्हणून माझा सल्ला असा की एका राष्ट्रीय हंगामापुरता पैसा बाजूला काढावा, तेवढाच खर्च करावा आणि निकाल पाहून पुढचे ठरवावे. शाळा चालू ठेवून हे जमते.

तालीमवाला

मी व्यायामाविषयीच सांगतो. फॉर्म्युला टूच्या गाडीला पॉवर स्टिअरिंग नसते, म्हणून मनगट, खांदे आणि विशेषतः मान यांची तयारी आतापासून हवी. वेगात वळताना हेल्मेटसकट डोके बाहेरच्या बाजूला ओढले जाते. आमच्या तालमीतले मानेचे व्यायाम त्याला उपयोगी पडतील, पण पैलवानाचा खुराक नको. वजन वाढले तर कार्ट मागे राहते, तेव्हा तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या वाट्या मोजाव्या लागतील. कार्टला सस्पेन्शन नसल्याने बरगड्यांना मार बसतो. रिब प्रोटेक्टर नसेल तर त्याला ट्रॅकवर सोडू नका.

शाहूपुरीकर

सर्वांचे मनापासून आभार. परीक्षेची हकिकत रात्री जेवताना मुलाला सांगितली. तो बराच वेळ गप्प होता आणि मग त्याने एवढेच विचारले की परीक्षेच्या दिवसांत अँटोनेलीला सिम्युलेटरवर बसू दिले होते का. मला उत्तर देता आले नाही. दहावी शाळेतूनच द्यायची आणि येत्या हंगामात राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या खेळायच्या, यावर तूर्त आमचे एकमत झाले आहे. तालीमवाले, रिब प्रोटेक्टर कोल्हापुरात घालून पाहून घेता येतो का, की मापे देऊन बाहेरून मागवावा लागतो? मुलगा सध्या महिन्याला वाढतो आहे, म्हणून विचारतो.