मुलांना शेती आणि जेवणाचं शिकवायचंय, सुरुवात कुठून करू? (इंदूर)

राजेंद्रनगरवाली:
नमस्कार मंडळी. रविवारी आमच्याकडे कॉलनीतली दहा-बारा मुलं मराठी वाचायला येतात, ९ ते १४ वयाची. परवा पोह्यांतले दाणे खाताना सातवीतला एक म्हणाला शेंगा झाडाला लटकतात, चिंचेसारख्या, आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या!! आपण गिलकी म्हणतो तेच आजीचं घोसाळं, हेही कोणाला माहीत नाही. शाळेत मागच्या वर्षी म्हणे एक पीरियड झाला, पीपीटीवर ट्रॅक्टर आणि हसणारा शेतकरी, संपलं. मालव्यात राहून, पावसाळ्यात बायपास ओलांडला की सोयाबीनच सोयाबीन, आणि ही गत. महिन्यातून एखादा रविवार काहीतरी करावं म्हणते, पैसे फारसे नाहीत. कोणी केलंय का?

रिटायर_मास्तर:
ताई, दहा पिकं नका घेऊ, एक सोयाबीन धरा. जून आहे, वेळेवर विचारलंत. एखाद्या शेतकऱ्याकडून घरचं बी मूठभर आणा (पिशवीतलं रंगीत बी नको, त्याला औषध लावलेलं असतं). १०० दाणे मुलांकडून मोजून घ्या, ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा, चार-पाच दिवसांनी कोंब मोजा. ७० आले तर बी चांगलं, कमी आले तर जास्त बी टाकावं लागतं नाहीतर बदलावं लागतं. पेरणी मात्र साधारण १०० मिमी पाऊस झाल्यावरच, तोवर मुलांना डब्यात पाऊस मोजायला लावा. मग महिना-सव्वा महिन्यानं एक झाड मुळासकट उपटून मुळावरची गाठ नखानं फोडायची, आतून गुलाबी निघाली म्हणजे ती काम करतेय, हवेतला नत्र झाडाला देतेय. तो रंग आपल्या हिमोग्लोबिनच्याच नात्यातला. मी इतकी वर्षं शिकवलं, दर बॅचला कोणीतरी ओरडायचंच, सर रक्त आलं!

छावणीचा_भाचा:
काका एकदम बरोबर, पण भाव कोण शिकवणार भिया? दसऱ्यानंतर पोरांना सकाळी मंडीत न्या. व्यापारी दाणा दाताखाली धरतो, कट्‌ वाजला तर माल सुका, चेपला तर ओला, भाव पडला. २०२५-२६ चा हमीभाव ५३२८ रुपये क्विंटल होता, त्या वर्षीचा जो असेल तो वहीत लिहायचा, शेजारी लिलावाचा, आणि वजाबाकी. शिवाय १०० किलोतून तेल १८ किलोच्या आसपास, बाकी पेंड. सोयाबडी तेल काढलेल्या पिठाचीच असते हे आमच्या घरात बायकोलाही माहीत नव्हतं, मला पण मंडीत बसायला लागल्यावर कळलं म्हणा.

जुना_इंदूरकर:
खताचं पण घ्या ना. ज्याला जगभर 'इंदूर पद्धत' म्हणतात ते कंपोस्ट इथलंच, इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ पासून १९३१ पर्यंत इथे होते, ते काम करायचे तिथे आता कृषी महाविद्यालय आहे. १९३१ च्या त्यांच्या पुस्तकावर यशवंत वाड यांचंही नाव आहे, आडनावावरून आपलेच. हॉवर्डसाहेब सगळ्यांना माहीत, वाड कोणालाच नाहीत. काडीकचरा, शेण, माती थरावर थर, आणि अधूनमधून उलथणं, गच्चीतल्या जुन्या ड्रममध्ये होतं. आपली मुलं ओला-सुका कचरा झोपेतही वेगळा करतील पण ओल्याचं पुढे काय होतं ते विचारा. आणि हो, नव्या शिक्षण धोरणात सहावी ते आठवीला १० दिवस बिनदप्तराचे सांगितलेत, शाळेला आठवण करा.

राजेंद्रनगरवाली:
सगळ्यांना थँक्यू!! गोणपाट उघडलं आज. मोजले होते १००, निघाले ९७, तीन कोणाच्या तरी खिशात गेलेत. कोंब ६१. आता बी बदलायचं की जास्त टाकायचं यावर मुलांत भांडण चाललंय आणि शेंगावाला मुलगा सगळ्यात मोठ्यानं बोलतोय. गाठी बघायला कोणाचं शेत मिळेल का?

छावणीचा_भाचा:
देपालपूरला मामांचं आहे, ऑगस्टमध्ये या. झाडं दोनच उपटा, मामा मोजतात.