मदत हवी आहे: विंडोज ११ टाकल्यावर बाबांच्या मराठी फाइली वाचताच येत नाहीत

कर्वेनगरची: कृपया लवकर सांगा. घरच्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ टाकून घेतलं आणि बाबांच्या सगळ्या मराठी फाइलींची वाट लागली. उघडलं की नुसती इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलरची चिन्हं. मोडी कागदांचं बारा वर्षांचं लिप्यंतर आहे हो ते. बाबा कालपासून धड जेवलेले नाहीत.

पेठेतला: फाइली कशात टाइप केल्या होत्या? फॉन्ट कोणता? विंडोज कोणी टाकलं आणि कधी?

कर्वेनगरची: वर्डमध्ये. फॉन्ट मराठीच होता. दुकानदाराने टाकलं.

निवृत्त_अभियंता: मंगल फॉन्ट घ्या. विंडोज ११ मध्ये तो सुरुवातीला नसतो. सेटिंग्जमध्ये ‘ऑप्शनल फीचर्स’मधून देवनागरीचे जादा फॉन्ट उतरवून घ्यावे लागतात. माझं काम त्यानेच झालं.

पेठेतला: काका, मंगलने इथे काही होणार नाही. मंगल युनिकोड आहे, म्हणजे त्यात प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक असतो. यांचा फॉन्ट त्याआधीच्या पद्धतीचा दिसतोय. तसल्या फाइलीत साठतात इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक, आणि फॉन्ट त्या जागी देवनागरीचे तुकडे दाखवतो. काना वेगळा, वेलांटी वेगळी. फॉन्ट गेला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. ताई, मजकूर शाबूत आहे. फक्त त्या फाइलींत काही बदलून सेव्ह करू नका.

लिनक्सवाला_हडपसर: आठव्या पिढीच्या आधीचा इंटेल प्रोसेसर असेल तर विंडोज ११ अधिकृतपणे सहसा चालत नाही. टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय पण लागते. विंडोजऐवजी लिनक्सचं उबंटू टाका, मी नऊ वर्षं सुखात आहे.

निवृत्त_अभियंता: सत्तरीच्या माणसाला उबंटू शिकवत बसायचं का? मुळात घाई कशाला केली? विंडोज १० ला वर्षभर वाढीव सुरक्षा अपडेट मिळत होते.

कर्वेनगरची: १४ ऑक्टोबर २०२५ ला सपोर्ट संपला असं सगळीकडे वाचलं, म्हणून भीती वाटली. कॉम्प्युटर चालतोय व्यवस्थित. मला फाइली हव्या आहेत.

धायरीकर: इनस्क्रिप्ट हा युनिकोडमध्ये टाइप करायचा कीबोर्ड शिका. पंधरा दिवसांत हात बसतो, मग फॉन्टची कटकट कायमची जाते. आणि गुरुवारी अपडेट लावू नका, आमच्याकडे नेमकी तेव्हाच वीज जाते.

पेठेतला: ताई, दुकानदाराने सी ड्राइव्ह फॉरमॅट केला का? किती दिवस झाले?

कर्वेनगरची: फॉरमॅट केलं नाही म्हणाला. मागच्या शनिवारी टाकलं. फाइली डी ड्राइव्हवर होत्या, म्हणून त्या आहेत.

पेठेतला: मग आठ दिवस झाले. सी ड्राइव्हमध्ये ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाचं फोल्डर बघा. जुनी विंडोज त्यात असते, पण साधारण दहा दिवसांनी ते आपोआप पुसलं जातं. आजच बघा. त्याच्या आत ‘विंडोज’, त्यात ‘फॉन्ट्स’. ते सगळं आधी पेनड्राइव्हवर कॉपी करा. मग वर्डमध्ये बाबांची फाइल उघडून मजकुरावर क्लिक करा, वर फॉन्टचं नाव दिसेल. त्या नावाची फाइल शोधून राइट क्लिक, इन्स्टॉल.

लिनक्सवाला_हडपसर: शेवटी युनिकोडमध्ये रूपांतर करावंच लागेल. कन्व्हर्टर असतात, पण प्रत्येक फॉन्टचा तक्ता वेगळा.

पेठेतला: हे मात्र बरोबर. पण आधी फॉन्ट, रूपांतर सावकाश. जोडाक्षरं आणि रफार हमखास चुकतात, बाबांना ओळ न् ओळ तपासावी लागेल.

कर्वेनगरची: फोल्डर सापडलं! फॉन्ट बसवला आणि पत्रं दिसायला लागली. बाबा शेजारी बसून मोठ्याने वाचतायत. तळटिपा मात्र अजून तशाच आहेत.

पेठेतला: तळटिपांना दुसरा फॉन्ट असेल. तळटिपेवर क्लिक करून नाव बघा आणि तोही बसवा.

धायरीकर: बाबा मोडी कुठे शिकले? सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळात का? मलाही शिकायची आहे.